पेंगुळ्या काही मरत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नव्हे. पण अक्षर नीट काढणार.

स्टाफरूममध्ये मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सांगितलं की नववीची एक तुकडी बंद झाली. विज्ञानाला मी आणि नवीन बाई असे दोघं, आणि तास उरले जेमतेम एकाला पुरतील एवढे. एक जण सरप्लस, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी. दोघांचा एकेक तास बघून मग ठरवणार. नवीन बाईंचा चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं. चहा घेताना त्यांना धीर दिला की तुमचं वय लहान आहे, कुठेही चिकटाल.

माझा धडा नैसर्गिक निवड. हातखंडा विषय. पण यंदा खडू-फळा नाही. खेळ! वर्ग म्हणजे बेट, मुलं म्हणजे पक्षी. चोच म्हणून कुणाला चिमटा, कुणाला चमचा, कुणाला टूथपिक. बाकांवर सुके वाटाणे पसरायचे, चोचीने उचलून आपापल्या पेल्यात टाकायचे. शिट्टी वाजेपर्यंत ज्याचा पेला भरला नाही तो मेला, वर्गाबाहेर. दोन-चार फेऱ्यांत टूथपिकवाले नामशेष. सिद्धांत सिद्ध.

संकल्प: वर्गात आवाज चढवायचा नाही. सकाळी फिरायला जायचं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
फिरायला गेलो नाही. ढगाळ होतं.

हिच्याकडे स्वयंपाकघरातले चिमटे मागितले. परत कधी मिळणार, असं तिने विचारलं. सायन्ससाठी हवेत म्हटलं तर म्हणाली, मागे सायन्ससाठी नेलेली किसणी अजून घरी आली नाही. हिला शास्त्राबद्दल आकस आहे. चमचे मिळाले. चिमटे विकत आणले.

बुधवार, ५ नोव्हेंबर
रंगीत तालीम. पेंगुळ्याला मुद्दाम टूथपिक दिली. हा शेवटच्या बाकावर झोपतो. पहिल्या फेरीत मरायला याच्याइतका लायक पक्षी शोधून सापडला नसता.

शिट्टी वाजवली. पेंगुळ्याचा पेला काठोकाठ.

चौकशी केली. आमची मॉनिटर, चष्मेवाली, तिच्याकडे चमचा होता. तिने ओंजळभर दिले. का दिलेस, तर म्हणे, सर, त्याला टूथपिकने येतच नव्हतं ना. मी म्हटलं, अगं म्हणूनच तर! निसर्गात कुणी कुणाला देत नाही. त्यावर म्हणते, पण सर, तो रोज माझ्या मागेच बसतो. हुशार मुलगी, पण मुद्दा डोक्यात शिरत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
नवा नियम: देणं बंद.

आज कुणी दिलं नाही. सांडलं. चमचेवाल्यांचे हात एकाएकी कापायला लागले, आणि कापायचे तेही पेंगुळ्याच्या बाकाशी आल्यावरच. फेऱ्या झाल्या, तास संपला, मयत एकही नाही. उलट सगळे टूथपिकवाले धष्टपुष्ट.

शेवटी पेंगुळ्यालाच बाजूला घेतलं. प्रेमाने समजावलं की बाळा, तू मेलास तर सगळ्यांच्या ज्ञानात भर पडेल. प्रयत्न करतो म्हणाला. पोरगा मनाने चांगला आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
तास उत्तम झाला. एक किरकोळ प्रसंग सोडला तर.

मोठ्या बाई मागच्या दाराने आलेल्या मला दिसल्या नाहीत. त्याच वेळी पेंगुळ्याचा पेला पुन्हा भरलेला बघितला, आणि माझा जरासा तोल गेला. मर की रे एकदाचा, असं म्हणालो. जरा मोठ्यानेच असावं, कारण भूगोलाच्या सरांना शेजारच्या वर्गात ऐकू गेलं. त्यांचे कान मुळात तिखट.

पेंगुळ्या उभा राहिला, सॉरी सर म्हणाला, आणि बाकाखाली जाऊन आडवा झाला. मग चष्मेवाली रडायला लागली. तिचं बघून आणखी काही जण. मोठ्या बाई स्वतः खाली वाकल्या आणि त्याला बाहेर काढलं. मग खुर्चीत बसून बराच वेळ लिहीत होत्या. ही चांगली खूण. तास वाईट असता तर एका ओळीत भागलं असतं.

चमचे वर्गातच राहिले. ही विचारेल.

सोमवार, १० नोव्हेंबर
नवीन बाईंचा तास. स्क्रीनवर फिल्म दाखवणार होत्या, ती सुरुवातीलाच बंद पडली. मग नुसत्या मुलांशी बोलत बसल्या. पेंगुळ्या जागा होता, म्हणतात. बिचाऱ्या बाई. आता माझ्या मनात शंका उरली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
दुपारी मीटिंग. मोठ्या बाई म्हणाल्या, एक मार्ग आहे. प्रत्येकाने वाचनाचे, लायब्ररीचे एक-दोन तास सोडले तर विज्ञानाचे दोघंही राहतील. ते तास दोघांत वाटून देता येतील.

भूगोलाचे सर बोलायला तोंड उघडत होते. मी आधी उठलो.

काय बोललो! म्हटलं, दया म्हणून तास वाटले तर मुलांना कुठल्या तोंडाने शिकवायचं? ज्याच्यात दम आहे तो टिकेल. निसर्गाच्या आड आपण कोण येणार? नवीन बाईंकडे एकदाही बघितलं नाही, तेवढी माणुसकी मला आहे.

नवीन बाई म्हणाल्या, मी माझे निम्मे तास सरांना द्यायला तयार आहे. माणूस घाबरला की असं उलटसुलट बोलतो. मी हसून नको म्हटलं.

मोठ्या बाईंनी विचारलं, सर, हे तुमचं नक्की? म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं. पुन्हा नक्की. मग सगळ्यांनी माना डोलावल्या. भूगोलाच्या सरांनीसुद्धा. एकमताने पास. घरी येताना रस्ताभर शीळ घालत होतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून पत्र वाचून दाखवलं. गणिताच्या बाई निवृत्त होताहेत, आणि नवीन बाईंना गणितही येतं. म्हणून त्या राहणार.

सरप्लस मी.

काहीतरी घोटाळा असणार. पुन्हा वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचलं. तेच होतं. कुठे पाठवतील ते वरून कळेल, म्हणाल्या.

घरी सांगितलं नाही. भाजी पानात तशीच राहिली. ही विचारत होती, भाजी खारट झाली का? हो म्हणालो. खारट नव्हती. मला भीती वाटते आहे. या वयात नव्या शाळेत पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभं राहायचं, आणि रिकामी खुर्ची कुणाची आहे तेसुद्धा आपल्याला माहीत नसणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सकाळी लवकर जाऊन भूगोलाच्या सरांना गाठलं. सहज बोलल्यासारखा विषय काढला, ते लायब्ररीचे दोन तास तुम्हाला जडच जात असतील. म्हणाले, सर, खरं सांगू? मी त्या दिवशी देणारच होतो. पण तुम्ही इतकं पटवून सांगितलंत की माझे डोळेच उघडले.

चित्रकलेच्या बाईही तेच म्हणाल्या. माझं भाषण त्यांनी घरी मिस्टरांनाही ऐकवलं. मिस्टरांनाही पटलं.

इतकी वर्षं शिकवतोय. मी सांगितलेलं सगळ्यांना एकदम कळलं, असं पहिल्यांदाच झालं.