जीप भिंतीला, मी एसटीला

बसू,

जीप ढकलायला माणसं आणतो म्हणून तू सात रस्त्याला गेलास, त्याला अर्धा तास झाला. मी थांबत नाही, टांगा करून स्टँडवर निघाले. सांगोल्याच्या शाळेत आज बाराच्या आत हजर झाले नाही, तर मास्तरणीची जागा दुसरीला जाईल, हे तुला काल दोनदा सांगितलं होतं.

त्या जीपची बॅटरी कधीच मेली. म्हणून रोज आपण ती उतारावर लावतो, चाकाला दगड देतो, आणि सकाळी दगड काढला की गडगडत सुरू होते. काल अमावस्या म्हणून तू तिला न्हाऊ घातलंस, झेंडू माळलास, चाकाखाली लिंबं ठेवलीस. एवढं नव्या नवरीचंही कुणी करत नाही. आणि पूजेला तोंड पूर्वेला हवं म्हणून खाली सपाटीला नेऊन भिंतीला नाक टेकवून ठेवलीस. उतारावरच पश्चिमेला तोंड ठेवलं असतं तर देव रुसला असता का रे?

शेजारची काशम्मा म्हणाली, "भाऊच तुला सोडंना झालाय की गं." मी तिला गप्प केलं. अप्पांनी मिलिटरीच्या लिलावात हौसेनं घेतलेली गाडी, तुझ्यानं मोडीत घालवत नाही, ते मला कळतं. त्यांच्या मागं घरात आपण दोघंच, तेही कळतं.

भाकरी टोपलीत आहे, शेंगाचटणी डब्यात. संध्याकाळी परतले नाही तर हजर झाले समज. रविवारी माझी वळकटी घेऊन ये, पण एसटीनं ये.

गौराक्का