आप्पांचा दाढीचा ब्रश

कोल्हापूर
१८ एप्रिल २००४

तीर्थस्वरूप शिवकुमार दाजी यांच्या चरणी प्रभुलिंगचे शरणु शरणार्थी.

वडगावात सर्वजण खुशाल असतील. तुमची कंबर कशी आहे? अक्काला सांगा, लग्नघरातल्या सगळ्यांना रागावून झालं की स्वतःही दोन घास खावेत. आमच्याकडे सर्व ठीक. माझा घसा अजून बसलेला नाही, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल.

शिवरात्रीला तुम्ही तुमच्या वडिलांचा झडलेला ब्रश माझ्या हाती ठेवलात, तेव्हा तुमचा चेहरा मी विसरलेलो नाही. बसाप्पा आप्पांचा हट्ट एकच : दाढी करीन तर माझ्या नीलम्मानं लग्नाच्या वर्षी जोतिबाच्या जत्रेतून आणलेल्या याच ब्रशानं, नाहीतर नाही. शांभवी म्हणते, "आजोबा, असलं जंगल घेऊन माझ्यावर अक्षता टाकायला येऊ नका." आप्पा म्हणतात, "न्हाई येत." नातीचं लग्न बारा दिवसांवर आलं आहे आणि दोघंही तुमच्याच घराण्याची आहेत.

निवृत्त झाल्यापासून मी जुने दाढीचे ब्रश दुरुस्त करतो, यावर तुम्ही पाहुण्यांत हसता, हे अक्काकडून कळलं आहे. खुशाल हसा. वापरा आणि फेका असं म्हणणारी ही पिढी उद्या आईबापांनाही (इथे एक पानभर मजकूर खोडला आहे. सौ. म्हणाली, हे पत्र आहे, शाहू स्मारकातलं व्याख्यान नव्हे). असो. जुन्या बाजारातून आणलेले सतरा ब्रश मी कोमट पाण्यानं आणि रिठ्यानं जिवंत केले. आप्पांच्या ब्रशाला खास मान द्यावा म्हणून उकळतं पाणी घेतलं. तिथे चुकलं. केसांना दांड्यात धरून ठेवणारी लाख वितळली आणि अख्खा झुबका, वाफ्यातून कांदा उपटावा तसा, अलगद माझ्या हातात आला. त्या दिवशी मी जेवलो नाही. (सौ.च्या मते दोनदा जेवलो.)

शेवटी आकाराम पेंटरकडे गेलो. या माणसानं एके काळी निम्म्या शहराच्या पाट्या रंगवल्या. आता फ्लेक्स आल्यापासून बसून असतो, पण स्वतःचे कुंचले अजून स्वतःच बांधतो. त्यानं केस कागदावर पसरले. मी त्याला क्षौरकर्माचा इतिहास सांगायला सुरुवात केली. मिसर देशापासून निघून मी रोमपर्यंत आलो असेन, तोच तो म्हणाला, "सर, जरा तोंड मिटा की. वाऱ्यानं केस उडाय लागल्यात."

आणि दाजी, मी मिटलं. त्यानं सगळे केस टोकं खाली करून गोल बुडाच्या वाटीत सोडले आणि वाटीवर नखानं टिचक्या मारत राहिला. टिक, टिक, टिक. हजारभर केस, एकालाही हात न लावता, आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. मला तर जागच्या जागी हात जोडावेसे वाटले. टोकं कात्रीनं सारखी करायची का, असं विचारलं, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मूर्तीचं नाक कापायला निघालोय. "कापलेलं टोक गालाला टोचतंय, सर. केस त्येचा त्येच टोकाला बारीक होतोय. त्ये काम आपल्याला येत न्हाई."

मग त्यानं दोरा आवळला, लाख भरली, झुबका दांड्यात बसवला. वाळल्यावर कोमट पाण्यात बुडवून झटकला, तसा तो ब्रश माझ्या तळहातावर हळूच उमलला. मी मोठमोठ्या इमारतींपुढे उभा राहिलो आहे, पण तिथे माझं बोलणं चालूच असायचं. इथे बोटभर वस्तूपुढे शब्द सुचेना. केस तेच, दांडा तोच, हात फक्त आकारामचा. ब्रश या पत्रासोबत पाठवतो आहे.

अक्काला नमस्कार, शांभवीला आशीर्वाद.

आपला,
प्रभुलिंग

ता. क. : खरी विनंती आता करतो. हे केस डुकराचे आहेत. आकारामनं हात लावताच ओळखलं, वर "चांगलं जातवान हाय" असंही म्हणाला. ज्या घराचा उंबरा अंड्याच्या टरफलानंही ओलांडला नाही, त्या घरात पन्नास वर्षं हे! (आणि मी तो आमच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. पातेलं मोडीत घातलं आहे. सौ. अजून शोधते आहे.) पस्तीस वर्षं मी सत्यावर व्याख्यानं दिली, पण काल आप्पांनी फोनवर विचारलं, "केस कसले हायत रे?" तेव्हा तोंडातून निघालं, "घोड्याचे." लग्न पार पडेपर्यंत तुम्हीही घोडाच धरा.

ता. ता. क. : थांबा. पाकीट चिकटवणार तोच आप्पांचा पुन्हा फोन. म्हणाले, "घोड्याचा असंल तर त्यो माझा न्हवं. माझा डुकराचा हाय. आणल्या दिवशीच वळाकलं मी. नीलम्मानं हौसेनं आणलेला, तिला कशाला सांगायचं? तू केस बदललास. ठेव तुझ्यापाशीच." पुढे मी जे जे खरं सांगितलं त्यातलं एकही त्यांना पटलं नाही. तेव्हा दाजी, मी खोटं बोललो हे तुम्हीच त्यांना सांगा. त्यांना गोठ्यात न्या, अक्काला कळू देऊ नका. नाहीच ऐकलं, तर ब्रश ओला करून नुसता त्यांच्या गालाला लावा आणि गप्प उभे राहा.