शुक्रवारचे चार तास

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. वहिनी सांगत होती, या शुक्रवारपासून डायलिसिसला जाणार नाही म्हणून तू हटून बसलायस. तीन आठवडे झाले, मूत्रपिंडं काही मनावर घेईनात, आता पुरे, असं म्हणतोस. लहानपणी कडू औषध गालात धरून मोरीत थुंकून यायचास, तोच तू. पण हे थुंकलंस तर जिवावर बेतेल.

माझ्या प्रयोगशाळेला तू पेशींचं पाळणाघर म्हणतोस. म्हण, पण तिथे काय घडलं ते ऐक. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी आम्ही डिशमध्ये वाढवतो, काही तास त्यांचा प्राणवायू तोडतो आणि कुठलं औषध त्यांना वाचवतं ते बघतो. दुसऱ्या दिवशी जिवंत किती, मेल्या किती ते मोजायचं आणि डिश फेकून द्यायची, ही आमची रीत. तुला दाखल केलं त्या दिवशी मी हातातलं काम टाकून धावले आणि एक डिश उबदार कपाटात तशीच राहिली. पाच दिवसांनी परतले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी माझी चांगली बिनपाण्याने केली. टाकण्याआधी सहज ती डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निम्म्याहून जास्त पेशी मेल्या होत्या, पण उरलेल्या चपट्या होऊन, पसरून, एकीच्या दोन होत रिकामी जागा भरत आल्या होत्या. औषध न घातलेली डिश होती ती. यात नवा शोध काही नाही, पुस्तकात आहे हे सगळं. पण बारा वर्षं मी मोजणी झाली की घरी जाणारी; पुढे काय होतं ते कधी थांबून बघितलंच नव्हतं. तिथेच स्टुलावर बसून मी रडले.

डिश म्हणजे माणूस नव्हे, हमी मी देत नाही. पण वहिनी रोज तुझी लघवी मापाने मोजते ना, ते आकडे मी घेतले. मागच्या आठवड्यात दिवसाला जेमतेम अर्धा कप, काल दोन कप. डॉक्टरही म्हणतात, वाट बघण्यासारखं आहे. आतली डागडुजी होईपर्यंत रक्त यंत्राने साफ करून घ्यायचं, एवढाच डायलिसिसचा अर्थ.

आता खरं लिहिते. पाठ दुखते म्हणून तू फोन केलास, तेव्हा त्या दुखण्याच्या गोळ्या मीच सांगितल्या, दिवसातून तीन. तुला दोन दिवस जुलाब होत होते, अंगात पाणी उरलं नव्हतं. मी विचारलंच नाही. अशा वेळी त्या गोळ्या मूत्रपिंडाचं काय करतात ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, माझ्या मनानेच घेतल्या, आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस. आज सकाळी मी त्यांना आणि वहिनीला सगळं सांगून टाकलं. वहिनी म्हणाली, हे त्याला लिही. शुक्रवारी डायलिसिसच्या वेळी मी तुझ्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. चार तास असतात. तुला मला काय बोलायचं ते बोल, पण तिथे येऊन बोल.

तुझीच, चुकलेली,
काडी