दारातली शिंक

माय, आज तू हवी होतीस. उदगीरहून तपासणीला निघाले आणि दारातच मला शिंक आली. सून म्हणाली, "बसा आत्याबाई, पाणी पिऊन मग निघा." मी बसले आणि अख्खा तांब्या रिकामा केला. तेव्हापासून मनात तूच आहेस.

धर्माबादच्या गोदामात तू मिरचीचे देठ खुडायचीस. शाळा सुटली की मी तुझ्याजवळ येऊन बसायची. भोवतीच्या बायका नाकाला पदर लावून सटासट शिंकतायत, एकमेकींना हसतायत, आणि तू मात्र ओठ आवळून, एक हात ओटीपोटाखाली दाबून शिंक गिळतेस. "माय, तुला शिंक कामून येत न्हाई?" मी विचारते. "गुमान बस," तू म्हणतेस. पाणीही घोटभरच प्यायचीस, आणि लघवीला गेलीस की लवकर परत यायची नाहीस. पायांना सूज चढली तेव्हा मिरची बाधली म्हणून आम्ही तुझ्या तळपायांना खोबरेल चोळत राहिलो. काय शहाणी माणसं होतो आपण!

मग उलट्या सुरू झाल्या आणि आप्पांनी तुला नांदेडला नेलं. मीही बरोबर होते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं, "मावशी, अंग बाहेर येतं का?" तू आप्पांकडं बघितलंस. "तुमी जरा भाईर जावा." आप्पा हलले नाहीत. "मी कुटं जात न्हाई. बोल तू." मग तू बोललीस, धाकट्याच्या बाळंतपणापासून लपवलेलं सगळं. गर्भाशय खाली उतरलं की लघवीच्या नळ्या ओढल्या जातात, लघवी मागं तुंबते, असं बाईंनी समजावलं. आप्पा म्हणाले, "पायपाला पीळ पडल्यावानी?" "अगदी तसंच. अजून उशीर केला असता तर मूत्रपिंडं गेलीच होती." मला त्या दवाखान्यात फार भीती वाटली होती, माय. पण आधी नळी घातली, मग ऑपरेशन झालं, आणि सूज उतरत गेली.

बाईंनी मोकळीक दिल्यावर तू पुन्हा कामाला निघालीस ती सकाळ मला लख्ख आठवते. दारातच तुला शिंक आली, अशी की शेजारची म्हैस दचकली. तुझा हात पोटाकडं गेला आणि तसाच थांबला. काहीच खाली आलं नव्हतं! आप्पा म्हणाले, "शिंक झाली, बस. पाणी पी." तू उंबऱ्याशी बसून तांब्याभर पाणी प्यायलीस, हसता हसता निम्मं पदरावर सांडलंस. "अजून येऊ द्या की एक!" म्हणालीस. तुला एवढ्या मोठ्यानं हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पुढं नातवंडं खेळवलीस, म्हातारी झालीस आणि मगच गेलीस.

माझंही अंग गेल्या साली उतरलं. मी लपवलं नाही, लगेच सुनेला सांगितलं. मूत्रपिंडांना धक्का लागायच्या आतच ऑपरेशन झालं, आणि आज डॉक्टर म्हणाले, सगळं ठणठणीत आहे, आता बिनधास्त राहा. येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? राहील इथंच, फडताळात. पण सुनेला सांगितलं नाही ते तुला सांगते. सकाळची शिंक आपोआप आली नव्हती. निघायच्या आधी मी मिरचीच्या डब्यात नाक घालून आले होते.