नेवेनाच्या नावाचा धवला

उरण, वैशाख, सन १९३२

कोंडाजीदादा, धाकट्याचा नमस्कार.

देवाला तीनच भाषा कळतात, असं युरोपातले पंडित हजार वर्षांपूर्वी म्हणत. तेव्हा दोघा भावांनी लोकांच्या बोलीसाठी अक्षरं घडवली आणि त्यांच्या हाकललेल्या शिष्यांना, तू आता राहतोस त्या बल्गेरियाच्या राजाने थारा दिला. तुझ्या मास्तर सासऱ्यांनी सांगितलेलं हे सारं कळवून तू लिहिलंस, आईचे लग्नातले धवले लिहून घे.

आईने धवले गाऊन गावातली सगळी लग्नं लावली. पण मी पेन्सिल घेतली की म्हणायची, "मांडव न्हाय, नवरी न्हाय, धवला कसा गाऊ रं? थोरल्याला बोलाव. त्याच्या लग्नात लिवून घे."

तू तिकडे लग्न केलंस, हे मी तिला सांगितलं नव्हतं. काल तिला श्वास पुरेना, तेव्हा सांगितलं.

तिने विचारलं, "हळद कोनी लावली?"

"कोणी नाही."

"मंग लगीन अर्धंच हाय. त्याचा सदरा आन."

पाटावर सदरा ठेवून मी हळद लावली.

"नवरीचं नाव?"

"नेवेना."

तिने ते दोनदा जिभेवर फिरवलं, हसली आणि चालीत बसवलं.

दादा, धवल्याची प्रत्येक ओळ मागून उचलायला कोणीतरी लागतं. घरात मी एकटाच होतो. मी गात राहिलो, लिहिलं काहीच नाही. पहाटे ती गेली.

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. तुझं लग्न लागलं, एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
अनंता