चार वाजताची उचकी

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. तिसरा मजला, खिडकीशी टेबल, एक हात मोडलेली हिरवी खुर्ची. शेजारी दादा बसतात. वयाने वडीलधारे, चहाचा ग्लास कायम हातात. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो, त्यात माझ्याकडे डिस्कचं काम आलंय. ती एरवी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात उत्तर देते, पण रोज चारच्या सुमारास तीन-चार सेकंद गप्प होते. इथे त्याला उचकी म्हणतात. कोणीतरी तिची आठवण काढत असेल, असं मी म्हटलं तर सगळे हसले.

संध्याकाळी धाकटीला फोनवर सांगितलं. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघी बहिणीच एकमेकींना. म्हणाली, रोज चारला तुझी आठवण काढते, बघू, लागते का उचकी.

मंगळवार, ४

लागली! दोन ग्लास पाणी प्यायले तरी थांबेना. कार्टी.

डिस्क का अडते ते दादांनी समजावलं. तिला लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही, आख्खा कप्पा पुसावा लागतो. आधी कामाचं उचलून दुसरीकडे ठेवायचं, मग पुसायचं, त्यात वेळ जातो. काय टाकाऊ आहे ते आपणच सांगितलं तर काम हलकं होईल.

गुरुवार, ६

मी नियम लिहिला: ज्याची कोणी विचारणा करत नाही ते टाकाऊ. दादांनी शंका काढली, दोन नोंदी फक्त एकमेकींनाच विचारत असतील तर? मी म्हटलं, बाहेरून तिसरं कोणी विचारत नसेल तर दोन्ही टाकाऊ.

चारला डिस्क अडली नाही. टाळ्या वाजल्या. आज माझी कॉलर ताठ.

शुक्रवार, ७

हिरवी खुर्ची दिसत नाही. अशी खुर्ची होती हेच कोणाला आठवत नाही. चारला काय काय पुसलं त्याची यादी सहज उघडली. शेवटची ओळ: हिरवी खुर्ची. कोणीतरी माझी फिरकी घेतंय. तरी मनात पाल चुकचुकलीच.

सोमवार, १०

दादा नाहीत. कुठे गेले म्हणून विचारलं, तर सगळे म्हणतात, कोण दादा? टेबलावर ग्लास आहे. अर्धा चहा, गार. एकटे राहायचे. सुट्टीचे दोन दिवस त्यांची चौकशी कोण करणार होतं? मीही केली नाही.

यादीत आहेत ते.

मंगळवार, ११

नियम काढायला गेले. ज्याने लिहिला तोच काढू शकतो, आणि लिहिणाऱ्याची नोंद सापडत नाही. ऑफिसातली माझी नोंद.

रोज मला अगं-तुगं करणारे साहेब दारात थांबले. म्हणाले, "आपण कोणाकडे आलात?"

बुधवार, १२

धाकटीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिलाही आज कामावर कोणी ओळखलं नाही. दर तासाला एकमेकींना फोन करायचं ठरलं. म्हणाली, "ताई, मी तुला विसरेन का गं?" चारला उचकी लागली. इतकं बरं वाटलं की रडू आलं.

मग दादांची शंका आठवली. दोघी फक्त एकमेकींनाच— आणि तो नियम मीच—

गुरुवार, १३

जिन्यात, दुकानात, रस्त्यावर, दिसेल त्याला धाकटीचं नाव सांगितलं. विसरू नका म्हटलं. मान डोलावतात. पाठ वळली की संपलं.

आज चारला पुसायच्या यादीत ती आहे. तिच्याखाली मी.

चारला पाच कमी. फोन चालू आहे. ताई, ताई, म्हणतेय सारखी. मी ओ देतेय—

चार. उचकी नाही.

फोन हातात. पलीकडे कोणी नाही. कोणाला लावला होता?

मागच्या पानांवर धाकटी असं लिहिलंय. अक्षर माझं. कोणाची धाकटी? मग मला रडू का—

बाहेरून तिसरं कोणी हवं. एवढंच कळतंय. ही वही वाचणारे, तुम्ही आहात ना बाहेर? आठवण काढा. दोघींची. रोज. नाव लिहिते, माझं नाव—