कार्बन कुणाचा?

४ फेब्रुवारी
वाकला! चिमणी बुटांसकट आत धावत आली — “आजोबा, वाकला तो!” सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली, “आधी बूट काढ!” नात डॉक्टरेटला टेकली तरी ओरडा तोच.

कार्बन डायऑक्साइडला वाकवायचं, हे तिचं काम. मधे कार्बन, दोन बाजूंना ऑक्सिजन, तिघे एका रेषेत ताठ. कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोहाच्या अणूने इलेक्ट्रॉन पुढे केला, तरच हा गृहस्थ कमरेत वाकतो. मग त्यातून काहीतरी कामाचं घडवता येतं. आज तिच्या काचपात्रात कार्बन मोनॉक्साइड निघाला. म्हणजे एक ऑक्सिजन गळाला!

५ फेब्रुवारी
विचारलं, “लोह एकट्याने का नाही वाकवत?” तिने माझी मूठ आपल्या ओंजळीत धरली. “ही मूठ म्हणजे लोह. माझे हात म्हणजे लिगँड. धरायला कुणी नसलं तर लोह गंजून तळाशी बसतं. आणि इलेक्ट्रॉन द्यायला ते किती उदार होणार, हे त्याला कसं धरलंय त्यावर ठरतं.” हे नवे हात तिने स्वतः घडवलेत, जुने जमेनात म्हणून.

गार होते तिचे हात. हिचेही असेच असायचे, अगदी शेवटच्या आजारापर्यंत. मला धरून ठेवलं कुणी, हे रसायनशास्त्राने आता सांगावं!

७ फेब्रुवारी
न्हाव्याला सगळं समजावलं. म्हणाला, “मास्तर, हवा नंतर वाकवा, आधी मान वाकवा. कानामागे राहिलंय.”

११ फेब्रुवारी
चहाला शाळेच्या गोष्टी निघाल्या. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. छप्पर उडेल असा सूर! पण पाठ कुणाला, आणि नुसते ओठ कोण हलवतंय, कसं कळणार? मी खिडकीकडची रांग गप्प बसवायचो. तरी सूर तेवढाच राहिला, तर समजायचं — तो खिडकीकडचा नव्हताच.

चिमणीने कप खाली ठेवला. “आजोबा... जुन्या लिगँडवर ती चाचणी केली होती. कार्बन डायऑक्साइड न घालता. हात बदलल्यावर परत केलीच नाही.” अर्धा चहा टाकून प्रयोगशाळेत गेली.

१२ फेब्रुवारी
काचपात्रात नुसता आर्गॉन वायू भरला होता, हा कुणाशी बोलतही नाही. कार्बन डायऑक्साइडचं नावही नव्हतं. तरी मोनॉक्साइड निघाला! लिगँडच तुटतोय. हातांतलाच कार्बन.

जेवली नाही.

१३ फेब्रुवारी
माझी जीभ!

१५ फेब्रुवारी
तिच्या मार्गदर्शक मॅडमचा यावरचा लेख लिहून तयार आहे. त्यांचं म्हणणं, “थोडा लिगँडचा असेल, बाकीचा हवेचाच.” मुलगा माझ्यावर घसरला — “बाबा, कशाला कविता आणलीत मधे? उन्हाळ्यात तिची मुदत संपते. लेख गेला नाही तर पदवी गेली!”

चिमणी एवढंच म्हणाली, “बाबा, थोडा म्हणजे किती, ते बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.”

जड कार्बनचा कार्बन डायऑक्साइड मागवलाय. वागणुकीत तंतोतंत तसाच, वजनाला जरासा जास्त. यंत्र लगेच ओळखतं. गर्दीत हरवू नये म्हणून सहलीला आम्ही पोरांच्या सदऱ्याला लाल फीत लावायचो, तसंच. जड निघाला तर हवेचा, हलका निघाला तर हातांचा.

२ मार्च
चिमणीने दाराशी बसून बूट काढले. सावकाश. नाड्या सोडून.

“सगळा हलका, आजोबा.”

“म्हणजे हवा वाकलीच नाही?”

“नाही. लेख पाठवू नका म्हणून मॅडमना सांगून आले.” आवाज सरळ. मॅडम काय म्हणाल्या, ते विचारायचं धाडस झालं नाही. उद्या जाऊन काचपात्रं धुणार म्हणाली.

संध्याकाळभर गच्चीत बसलो. समोर एवढी हवा. ताठ.

३ मार्च
एक सांगायचं राहिलं होतं. मोठ्या आवाजाची पोरं गप्प केली, की कधी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज यायचा. अख्खी कविता पाठ! वर्षभर कुणाला ऐकूच न गेलेली.

सकाळी ती निघताना ओठांवर आलं होतं. गिळलं. एका गोष्टीने एवढं केलं, दुसरी कशाला?

५ मार्च
बूट घालूनच आत आली! परवा काचपात्र धुण्याआधी तळाचं द्रावण तपासायला ठेवलं होतं म्हणे — आजवर वरच्या वायूच्या नादात ते ओतून देत. त्यात फॉर्मेट सापडलं, मुंगी चावल्यावर जळजळतं त्या आम्लाचं भावंड. जेमतेम आहे. पण त्यातला कार्बन जड!

सूनबाई बुटांकडे बघत राहिली. ओरडली नाही.